सायकलीची राखण : बिल्ल्यापासून पाच हजारांच्या रेषेपर्यंत

सायकलीविषयी आपण जे लिहितो ते बहुधा ती चालत असतानाचे असते. पहिली सायकल कोणी आणली, कोण किती लांब गेले, कोणत्या शिक्षकाने तीस वर्षे एकाच सायकलीवर शाळा गाठली, अशा गोष्टी. पण दिवसाच्या चोवीस तासांपैकी सायकल चालते फार तर दोन-तीन तास. उरलेला वेळ ती उभी असते. बाजारात, शाळेच्या भिंतीला, तेंदूपानांच्या हंगामात जंगलाच्या कडेला, एसटी थांब्याशेजारच्या पानठेल्याजवळ. या उभ्या सायकलीची राखण कोण करते, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. त्याचा माग काढत गेलो तेव्हा मात्र गाव, बाजार, नगरपालिका, कारखाना आणि कायदा या पाचही ठिकाणी मला जावे लागले. चामोर्शीसारख्या तालुक्याच्या गावात हा प्रश्न आजही किरकोळ नाही. उलट २०२४ पासून त्याला एक नवे वळण लागले आहे. त्या वळणापर्यंत पोचण्यासाठी आधीचा रस्ता पाहू.

सायकल या मुलखात येते

महाराष्ट्रात सायकल हा व्यापाराचा माल झाला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. सायकल विकायची आणि ती चालवायलाही शिकवायची, असा तो धंदा होता. पुढे जगभर पंप आणि इंजिने विकणाऱ्या उद्योगाचे मूळ तिथे आहे. त्या काळची सायकल विलायती आणि महाग. तिचा मालक म्हणजे वकील, डॉक्टर, अधिकारी. अशी सायकल चोरीला जाण्याची भीती कमीच, कारण गावात ती एकच असे आणि लपवणार कुठे?

आमचा मुलूख तेव्हा चांदा जिल्ह्यात होता. १९०५ साली गडचिरोली तहसील झाली. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. चामोर्शी वैनगंगेच्या या बाजूला, गडचिरोलीपासून तीसेक किलोमीटरवर. रेल्वे या जिल्ह्याला स्पर्श करते ती उत्तरेच्या टोकाला, वडशाला. बाकी सारा प्रवास पायी, बैलबंडीने, नावेने आणि नंतर एसटीने. अशा प्रदेशात सायकल ही हौस नव्हती. वनरक्षक, शिक्षक, पोस्टमन, ग्रामसेवक यांच्या नोकऱ्याच तिच्यावर चालत. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की माणूस सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जाई. जिने माणसाला न्यायचे तिला माणसानेच वाहून नेण्याचे हे दृश्य आमच्याकडे नवलाचे नव्हते.

सायकल सामान्य माणसाच्या आवाक्यात आली ती स्वातंत्र्यानंतर, देशी कारखाने उभे राहिल्यावर. मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स (१९४९), सोनिपतला अॅटलस (१९५१), लुधियानाला हीरो (१९५६), आसनसोलला सेन-रॅले. हीरोची गणना १९८६ साली जगातील सर्वांत मोठ्या सायकल उत्पादकात झाली. याच काळात, साठच्या दशकात, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांच्या वसाहती चामोर्शी आणि मुलचेरा भागात वसल्या. मासळी आणि भाजी सायकलीच्या कॅरिअरवर बांधून गावोगाव विकणारा माणूस आमच्या बाजाराचा भाग झाला. आता सायकल एकाच्या घरी नव्हती, दहाजणांच्या घरी होती. सगळ्या काळ्या, सगळ्या सारख्या. चोरीचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो. वस्तू दुर्मीळ असते तेव्हा तिची ओळख तिचे रक्षण करते. वस्तू सर्वत्र झाली की ओळख मुद्दाम तयार करावी लागते.

ओळख हीच राखण

ही ओळख तयार करण्याच्या कितीतरी युक्त्या आमच्या भागात होत्या. पेंटरकडून चेनकव्हरवर नाव आणि गाव लिहून घेणे ही सर्वांत साधी. पण रंग खरवडता येतो, म्हणून जाणते लोक लोहाराकडून फ्रेमच्या नळीवर पंचाने आद्याक्षरे ठोकून घेत. त्याहून हुशार युक्ती म्हणजे नाव-पत्ता लिहिलेली चिठ्ठी गुंडाळून सीटच्या दांड्याखाली नळीत टाकून ठेवणे. चोराला ती दिसत नाही. वाद झाला की चारचौघांत सीट उपसायची, चिठ्ठी काढायची, प्रकरण मिटले. पोलीस पाटलासमोर असा पुरावा फार उपयोगी पडे.

कारखान्यानेही एक ओळख दिलेली असते, पण ती कोणी वाचत नाही. प्रत्येक सायकलीच्या फ्रेमवर क्रमांक ठोकलेला असतो. कधी सीटखालच्या नळीवर, कधी पायडलचा आस ज्या नळकांड्यात फिरतो त्याच्या खाली. हा क्रमांक दुकानदाराच्या पावतीवर असतो. पावती आणि क्रमांक जुळले तर मालकी सिद्ध होते. मी या लेखाच्या निमित्ताने ओळखीच्या पंचवीसेक घरी विचारले. सायकलीची पावती जपून ठेवणारी घरे तीन निघाली. आपल्या सायकलीचा क्रमांक कुठे आहे हे सांगता येईल असा माणूस एकही नव्हता. मोटारसायकलीचा नंबर मात्र घरातल्या लहान पोरालाही पाठ.

राखणीची सर्वांत पक्की व्यवस्था होती ती किरायाच्या सायकलींच्या दुकानात. तासावर सायकल देणारी ही दुकाने एकेकाळी प्रत्येक बाजारगावात असत. या दुकानदारांचा धंदाच असा की, रोज आपली वस्तू अनोळखी माणसाच्या हाती द्यायची आणि ती परत येईल यावर पोट चालवायचे. त्यांनी काय केले? एक, सायकलीला इतर कोणी देणार नाही असा रंग दिला. दोन, मडगार्डवर ठळक आकडा आणि दुकानाचे नाव घातले. तीन, वहीत घेणाऱ्याचे नाव, गाव आणि वेळ लिहिली. चार, अनोळखी गिऱ्हाईक असेल तर गावातला ओळखीचा माणूस जामीन घेतला. पाच, भारी सुटे भाग काढून ठेवले. अशी सायकल चोरून नेता येईल, पण विकता येणार नाही. चोरी रोखण्याचा सगळा विचार या एका वाक्यात आहे. वस्तू पळवणे अवघड करण्यापेक्षा ती खपवणे अवघड करणे जास्त उपयोगाचे.

बिल्ला

दुकानदाराच्या वहीचेच सरकारी रूप म्हणजे सायकलीचा बिल्ला. आज साठीच्या पुढे असलेल्या शहरी वाचकांना तो आठवत असेल. पत्र्याचा छोटा तुकडा, त्यावर नगरपालिकेचे नाव, वर्ष आणि क्रमांक. दर वर्षी कर भरायचा, नवा बिल्ला घ्यायचा आणि तो सायकलीला लावायचा. बिल्ला नसेल तर नगरपालिकेचा माणूस सायकल अडवून ठेवी.

हा कर कुठून आला? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत ५७ वी नोंद आहे. रस्त्यावर वापरता येणाऱ्या वाहनांवर, मग ती यांत्रिक शक्तीने चालोत वा न चालोत, कर बसवण्याचा अधिकार तिने राज्याला दिला. त्याआधी मध्य प्रांतातही नगरपालिकांना वाहनांवर कर बसवता येई. खेड्यांसाठी १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२४ मध्ये पंचायतीला ज्या गोष्टींवर कर बसवता येतो त्यांत सायकली आणि जनावरांनी ओढायची वाहने यांचा उल्लेख आहे. म्हणजे चामोर्शी ग्रामपंचायत असतानाही सायकलींची नोंद ठेवण्याची वाट कायद्याने मोकळी होती. गेल्या दशकात इथे नगरपंचायत आली, तोवर सायकलीच्या कराचा विचारही राज्यभर मागे पडला होता.

बिल्ल्याचा हेतू महसुलाचा होता, राखणीचा नव्हता. लोकांना तो जाच वाटे आणि तो होताही. गरिबाच्या वाहनावर कर का, हा प्रश्न रास्त होता. पण या जाचातून एक चांगली गोष्ट आपोआप घडत होती. नगरपालिकेच्या दप्तरात सायकल आणि मालक यांची जोडी लिहिली जात होती. कर वसुलीचा खर्च उत्पन्नाच्या मानाने परवडेना, तेव्हा ठिकठिकाणी हा कर बंद झाला. कर गेला ते बरे झाले. पण त्याच्याबरोबर नोंदही गेली आणि तिची जागा दुसऱ्या कशानेही घेतली नाही.

मोटारीचे उलटे झाले. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने आणि नंतर १९८८ च्या कायद्याने यांत्रिक वाहनांना नोंदणी, क्रमांक, विमा हे सारे सक्तीचे केले. सायकल यांत्रिक शक्तीने चालत नाही, म्हणून ती या सगळ्याबाहेर राहिली. लायसन्स नको, पासिंग नको, हा सायकलस्वाराचा फायदा. पण ज्याची नोंद नाही त्याचा शोधही नाही, हा त्याचा तोटा.

जपानने यातून मधली वाट काढली. तिथे सायकलीविषयी १९८० साली स्वतंत्र कायदा झाला आणि १९९४ पासून चोरीप्रतिबंधक नोंदणी मालकावर बंधनकारक झाली. सायकल घेताना दुकानातच थोडे शुल्क भरून नोंद होते, फ्रेमवर क्रमांकाची चिकटपट्टी लागते आणि माहिती पोलिसांकडे जाते. दर वर्षीचा कर नाही, फक्त एकदाची नोंद. आपण बिल्ला काढून टाकताना ही शक्यता विचारातच घेतली नाही.

कुलूप

नोंद गेल्यावर उरले कुलूप. अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. अलीगढची कुलपे तर घरोघर पोचलेली. पण सायकलीचे कुलूप हा प्रकार निराळा. घराचे कुलूप दाराला धरून ठेवते आणि दार भिंतीला. सायकलीच्या मागच्या चाकाला लागणारे गोल कुलूप सायकलीला कशालाच धरून ठेवत नाही. ते फक्त चाक फिरू देत नाही. सायकल उचलून नेणाऱ्याला ते आडवे येत नाही. म्हणून साखळी आली. साखळी खांबाला किंवा झाडाला गुंतवली तरच ती कामाची. ती नुसती चाकातून फिरवून लावली तर गोल कुलपाचेच काम दुसऱ्यांदा केल्यासारखे होते. साखळी फ्रेम आणि चाक या दोहोंतून जायला हवी, नाहीतर चाक जाग्यावर आणि सायकल बेपत्ता, किंवा त्याच्या उलट.

पण आमच्या भागात साखळी गुंतवायला खांब कुठे असतो? बाजाराच्या दिवशी मोकळ्या मैदानात शेकडो सायकली एकमेकींना टेकून उभ्या असतात. म्हणून लोकांनी सोबतीची पद्धत काढली. एकाच गावाहून आलेल्या चार-पाच सायकली एकाच साखळीत ओवायच्या. पाच सायकलींची माळ उचलून नेणे कोणालाच जमत नाही. काहीजण टायरमधली हवा सोडून व्हॉल्व्ह खिशात घालत. महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत पैसे देऊन ठेवायच्या सायकल स्टँडवर एक चिठ्ठी सायकलीला आणि तिचीच जोडी मालकाच्या हाती, अशी पद्धत असे. अशा स्टँडवर 'सायकल आपापल्या जबाबदारीवर ठेवावी' अशी पाटी लिहिण्याची रीत आहे. पण १८७२ च्या करार कायद्यातील १४८ ते १५२ ही कलमे सांगतात की, दुसऱ्याची वस्तू ठेवून घेणाऱ्याने ती स्वतःच्या वस्तूइतक्याच काळजीने सांभाळली पाहिजे. पैसे घेणाऱ्या स्टँडवाल्याची जबाबदारी नुसत्या पाटीने पुसली जाते असे समजू नये.

आणि रात्री? रात्री सायकल घरात. आमच्याकडे पाऊस असो वा उन्हाळा, माणूस छपरीत झोपेल पण सायकल आतल्या खोलीत जाईल. हा नुसता लोभ नव्हे. या सवयीला कायद्याचाही आधार आहे, तो पुढे येईल.

कायद्याच्या तराजूत

चोरीची शिक्षा वस्तूच्या किमतीवर ठरवावी की चोरीच्या कृत्यावर, हा वाद फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात चोरलेल्या वस्तूच्या किमतीप्रमाणे दंड चढत जातो. इंग्लंडमध्ये शतकानुशतके बारा पेन्सची रेषा होती. बारा पेन्सांहून जास्त किमतीची चोरी मोठी, तिला देहान्तापर्यंत शिक्षा, त्याखालची किरकोळ. जीव वाचावा म्हणून पंच मुद्दाम मालाची किंमत कमी लावत, इतके हे टोकाला गेले होते. १८२७ साली इंग्लंडने हा भेद रद्द केला.

मेकॉलेच्या आयोगाने भारतीय दंड संहितेचा मसुदा केला तो त्यानंतर दहाच वर्षांनी. १८६० साली संमत झालेली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झालेली ही संहिता चोरीसाठी किमतीची रेषा ओढत नाही. कलम ३७९ खाली शिक्षा तीन वर्षांपर्यंत, मग वस्तू हत्ती असो वा हातरुमाल. हा गुन्हा दखलपात्र होता. म्हणजे सायकल चोरीला गेली की पोलिसांना गुन्हा नोंदवून न्यायालयाच्या हुकमाशिवाय तपास करता येत होता आणि तो करणे त्यांचे काम होते. प्रत्यक्षात किती होत असे हा भाग वेगळा. पण नागरिकाच्या हातात हक्क होता.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०३ (२) मध्ये चोरीची शिक्षा तीन वर्षांपर्यंतच आहे, दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास एक ते पाच वर्षे. पण त्याला एक परंतुक जोडले आहे. चोरलेल्या मालाची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी प्रथमच दोषी ठरला असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. भुकेपोटी वा मोहापोटी पहिल्यांदा चूक करणाऱ्याला तुरुंगात न पाठवता समाजसेवा द्यावी, हा विचार मला मान्य आहे. अडचण शिक्षेत नाही, तपासात आहे. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या पहिल्या अनुसूचीत ५,००० रुपयांखालची ही चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवली आहे. अदखलपात्र म्हणजे ठाण्यात एनसी नोंदली जाणार, तक्रारदाराला दंडाधिकाऱ्यांकडे जायला सांगितले जाणार आणि कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येणार नाही.

१८२७ साली इंग्लंडने पुसलेली आणि १८६० च्या संहितेने न घेतलेली किमतीची रेषा अशी पुन्हा आली. बारा पेन्सऐवजी पाच हजार रुपये.

मुलींची सायकल आणि ही रेषा

आता याच आकड्याची दुसरी बाजू. महाराष्ट्र शासनाने २००६ साली मानव विकास मिशन स्थापन केले. गडचिरोली त्याच्या जिल्ह्यांपैकी एक. या कार्यक्रमात गावापासून पाच किलोमीटरपर्यंतच्या शाळेत जाणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. आधी साडेतीन हजार रुपये असलेले हे अनुदान २०२२ मध्ये वाढवण्यात आले. किती? ५,००० रुपये.

सायकलीने मुलींच्या शिक्षणावर काय परिणाम होतो हे आता अंदाजाने सांगायचे कारण नाही. बिहारने २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी केलेल्या अभ्यासात मुलींच्या माध्यमिक शाळाप्रवेशात ३२ टक्के वाढ आणि मुलगे-मुलींमधल्या तफावतीत ४० टक्के घट दिसली. १९९०च्या दशकाच्या आरंभी तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत साक्षरता चळवळीने हजारो बायकांना सायकल शिकवली, तेव्हाही हेच दिसले होते की, सायकल मिळाली की बाईचा वेळ तिच्या स्वतःच्या हाती येतो.

म्हणजे राज्याने ५,००० रुपये देऊन मुलीला शाळेची वाट दिली. सायकल वर्षभर वापरली, चिखलातून गेली, दोनदा पंक्चर निघाले, की तिची बाजारातली किंमत पाच हजारांच्या खाली येते. आणि त्या क्षणापासून तिची चोरी अदखलपात्र होते. एका सरकारी आकड्याने दिलेली वस्तू दुसऱ्या सरकारी आकड्याखाली घसरते. या दोन आकड्यांचा एकमेकांशी ठरवून काही संबंध नाही, हे मला ठाऊक आहे. पण चामोर्शी तालुक्यातल्या आठवीच्या मुलीच्या आयुष्यात ते एकमेकांना भेटतात. चोरीनंतर तिच्या बापाने मजुरी बुडवून दंडाधिकाऱ्यांसमोर उभे राहावे, ही अपेक्षा कागदावर ठीक दिसते. मी शिक्षक होतो. सायकल गेल्यावर आठवडाभर न आलेल्या आणि मग हळूहळू येणेच बंद झालेल्या मुली मी हजेरीपटावर पाहिल्या आहेत. कायदा वस्तूची बाजारभावाने किंमत करतो. मुलीसाठी त्या सायकलीची किंमत म्हणजे शाळेची उरलेली वर्षे.

काय करता येईल

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर जुन्या युक्त्यांकडे नव्याने पाहायला हवे, आणि त्यांतल्या काहींना आजचा कायदाही साथ देतो.

पहिली गोष्ट जागेची. न्याय संहितेचे कलम ३०५ माणसांच्या राहत्या किंवा मालमत्ता सुरक्षित ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतीतल्या चोरीविषयी आहे. तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि किमतीची रेषा नाही. म्हणजे अंगणाबाहेरच्या कुंपणाला टेकलेली जुनी सायकल एका कलमात आणि आतल्या खोलीतली तीच सायकल दुसऱ्या कलमात. आपल्या आज्या-आत्यांची 'सायकल आत घे' ही हाक आज कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाची ठरते. शाळांनीही यातून धडा घ्यावा. उघड्या मैदानाऐवजी भिंती, दार आणि कुलूप असलेली एखादी खोली सायकलींसाठी दिली, तर चोरी अवघड होते आणि झालीच तर तक्रारीला बळ मिळते. त्याच कलमात माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या साधनाच्या चोरीचाही उल्लेख आहे. कॅरिअरवर मासळी विकणाऱ्याची सायकल त्यात बसते का, हा मुद्दा वकिलांनी न्यायालयासमोर मांडण्याजोगा आहे.

दुसरी गोष्ट नोंदीची. अनुदानाची सायकल घेतल्यावर मुलीला पावती शाळेत द्यावीच लागते. त्याच दिवशी फ्रेमचा क्रमांक एका वहीत लिहिला आणि मोबाइलवर त्याचा फोटो घेतला, तर खर्च शून्य. वहीत चार रकाने पुरतात: मुलीचे नाव, कंपनी, फ्रेमचा क्रमांक, पावतीची तारीख. नगरपंचायतीने आणि ग्रामपंचायतींनी हीच वही कर न घेता सगळ्यांसाठी ठेवली, तर बिल्ल्याचा जाच टळून त्याचा फायदा तेवढा राहील.

तिसरी गोष्ट खुणेची. लोहाराचा पंच अजून गावात आहे. शाळेची दोन अक्षरे आणि एक आकडा फ्रेमवर ठोकायला पाच मिनिटे लागतात. किरायाच्या दुकानदाराला जे कळले होते ते आपण विसरलो आहोत. खूण असलेली सायकल भंगारवाला घेताना कचरतो, कारण चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. आणि चोरीचा माल लवकरच ज्याच्याजवळ सापडतो तो स्वतः चोर किंवा जाणूनबुजून माल घेणारा, असे न्यायालय गृहीत धरू शकते. हे तत्त्व १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि नव्या कायद्यातही आहे. पण ते लागू पडण्यासाठी सापडलेली सायकल 'तीच' आहे हे सिद्ध व्हावे लागते. शेकडो सारख्या सायकलींत 'तीच' म्हणजे कोणती, हे फक्त खूण आणि क्रमांक सांगू शकतात.

सायकलीच्या राखणीचा हा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास पाहिला की एक क्रम स्पष्ट दिसतो. आधी गावाची नजर होती, मग दुकानदाराची वही, मग नगरपालिकेचा बिल्ला. एकेक राखणदार निघून गेला आणि शेवटी सायकल आणि तिचे गोल कुलूप एवढेच उरले. कुलपाने एकट्याने कधीच सायकल राखली नव्हती. ती राखत होती ओळख. पुढच्या जूनमध्ये शाळा उघडतील आणि नव्या सायकली येतील. त्या वाटपाच्या दिवशी एक वही, एक पेन आणि एक पंच टेबलावर असावा, एवढेच मागणे आहे.